बिनरेघेचं पीस

गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात परीक्षकांनी मास्तरांच्या कबुतराचा पंख खिडकीकडे धरून उघडला, जाड भिंगांच्या चष्म्यातून निरखला, मिटला, पुन्हा उघडला आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ऐन पिसं येताना हे पाखरू दोन दिवस उपाशी होतं का?"

होतं. पण चारचौघांत ते कबूल करण्यापेक्षा मास्तरांनी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केला. तो आधीच नीट होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. चाळीस वर्षं त्यांनी गावाचे कपडे बेतले. कोणाची कंबर कोणत्या साली सुटली हे त्यांना त्या माणसाच्या बायकोआधी कळायचं, आणि ते कुठे बोलायचे नाहीत म्हणून गावात त्यांना मान होता. कापडावरून बोट फिरवलं की त्यांना वीण कळायची. तेच बोट कबुतराच्या पाठीवरून फिरलं की पाखरू काय खातं, कुठे झोपतं, सुखात आहे की नाही, हेही कळायचं. घराच्या गच्चीवर त्यांनी कटिंगच्या जुन्या टेबलाच्या फळ्या वापरून खुराडं बांधलं होतं. त्यात कबुतरं बावीस. खाली घरात माणसं दोन.

आता पिसाचं असं आहे. कबुतराच्या एका पंखात लांब पिसं दहा. वर्षातून एकदा ती आतून बाहेर, एकामागून एक गळतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. नवं पीस कोंबासारखं निघतं, निळसर, आत रक्त भरलेलं. त्या दिवसांत पाखराला उपास घडला, पाणी मिळालं नाही, मांजराने हादरवलं, की त्या दिवशी जेवढं पीस वाढलं असेल तिथे आडवी रेघ उमटते. माग चालू असताना कोणी विणकराचा हात ओढावा तशी. ही रेघ धुऊन जात नाही, घासून जात नाही. पुढच्या वर्षी ते पीस गळेपर्यंत पाखरू ती अंगावर घेऊन हिंडतं.

गेल्या वर्षी ऐन त्या दिवसांत बायकोच्या माहेरी लग्न निघालं. मास्तर तीन दिवस गेले आणि कबुतरं सलूनवाल्यावर सोपवून गेले. सलूनवाला मनाने लाख माणूस. पहिल्या दिवशी त्याने दाणे घातले. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी त्याला एक कल्पना सुचली. केसांना चमक कशाने येते हे त्याच्याइतकं गावात कोणाला ठाऊक होतं? त्याने मास्तरांचा सगळ्यात देखणा नर धरला, ज्याला घरात रेशम्या म्हणत, आणि त्याला चमेलीच्या तेलाने डोक्यापासून शेपटीपर्यंत मालिश केलं.

मास्तर परतले तेव्हा रेशम्या फळीवर फोटो काढायला बसवल्यासारखा बसला होता. चांगल्या पाखराच्या अंगावर पिठासारखी भुकटी असते, तिच्यामुळे पाणी घसरून जातं. ती सगळी तेलात गेली होती. दोन दिवसांनी पावसाची एक सर आली आणि रेशम्या मोज्यासारखा भिजून शेजारच्या कौलावरून खाली आला.

"वास तर चांगला येतोय ना?" सलूनवाला म्हणाला होता.

म्हणून यंदा मास्तरांनी ठरवलं होतं, पहिलं पीस गळल्यापासून दहावं भरेपर्यंत घर सोडायचं नाही. नर आणि माद्या वेगळ्या केल्या, कारण अंडी-पिल्लांत शक्ती गेली तर पिसाला उरत नाही. बायको खालून म्हणाली, त्यांना वेगळं करायला एवढी फळी ठोकावी लागली, आपल्यात ते आपोआप झालं. मग नेहमीप्रमाणे म्हणाली, "मी काही म्हणत नाही." हे वाक्य ती दिवसातून चार वेळा तरी म्हणायची.

सातवं पीस गळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. म्हणजे अक्काच्या मुलाचा. मास्तर तेव्हा रेशम्याला गुडघ्यांत धरून पंखातल्या उवा बघत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि हात चालू ठेवले. भाच्याने सांगितलं, आईला धाप लागते, दोन उशा लावल्याशिवाय झोपता येत नाही, डॉक्टर म्हणतात हृदयाला सूज आहे. मामा, जमलं तर येऊन जा. ती विचारते.

मास्तरांचे हात थांबले. तेवढ्यात पलीकडे फोन अक्काने घेतला.

"कितवं चाललंय?" तिने विचारलं.

"सातवं गळलं काल."

"मग आठवं, नववं, दहावं राहिलं." मध्ये तिने दम घेतला. "दहावं भरलं की ये. आत्ता नको येऊस, गेल्या वर्षीसारखं होईल. मी काही पळून जात नाही. मला जिना उतरवत नाही, पळते कुठली."

मास्तर हसले. त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं, हे त्यांना त्या वेळी कळलं नाही.

आई गेली तेव्हा अक्का अकरा वर्षांची होती, मास्तर चार. खोक्यावर उभी राहून ती चुलीपर्यंत पोहोचायची. पुढे तिची उंची वाढली आणि खोक्याची गरज सरली, तेव्हा तिने ते धाकट्याला दिलं. मास्तरांची कबुतरांची पहिली जोडी त्या खोक्यात राहिली. पंख तपासायचा असला की पाखरू अक्का धरायची. तिच्या हातात कुठलंही पाखरू निमूट बसायचं. सुईत दोरा ओवायला तिनेच शिकवलं. लग्न होऊन पाच तासांच्या वाटेवर गेली, तिथेही घरामागे दरवर्षी चार हात जागेत जवस पेरायची. पोटात तेल असलेला दाणा, पिसाला त्याच्याइतकं काही नाही. पिसं गळायच्या सुमाराला तिची पिशवी यायची. यंदा आली नव्हती, आणि मास्तरांनी पिशवीबद्दल फोनवर विचारलंही नव्हतं. निदान तेवढं तरी आपण केलं नाही, असं पुढे ते स्वतःला सांगत.

बायकोने त्याच दुपारी पिशवी भरली. काजं-बटणं राहिलेले सहा शर्ट टेबलावर घडी करून ठेवले आणि म्हणाली, "मी जाऊन येते. चार दिवस."

मास्तर म्हणाले, अक्काच म्हणाली दहाव्यापर्यंत थांब.

"त्या म्हणणारच," बायको म्हणाली. "त्यांनी तुम्हाला कधी मागितलंय काही? मी काही म्हणत नाही."

चार दिवस मास्तर एकटे होते. सकाळी मका, वाटाणे, गहू, थोडं सूर्यफूल, मोजून. दुपारी उन्हात पसरट टब, त्यात चिमूटभर मीठ टाकून पाणी. कबुतरं त्यात पंख आपटून अंघोळ करायची आणि पाण्यावर पिठाची साय धरायची. ती जितकी जाड तितकं पाखरू निरोगी. मास्तर टबाशी उकिडवे बसून ती साय बोटाने बाजूला सारत राहायचे. गुडघे दुखायला लागले तरी उठावंसं वाटायचं नाही. खाली गिऱ्हाईक हाका मारून जायचं.

तिसऱ्या दिवशी सलूनवाला गच्चीवर आला. जिना चढताना त्याने हात वर धरले होते, पोलिसांना शरण आल्यासारखे. तो म्हणाला, मास्तर, जाऊन या. एक दिवस जायला, एक यायला. मी इथेच झोपतो. तुम्ही लिहून द्या काय घालायचं, मी वाचून घालतो. तेलाची बाटली दुकानात कुलपात ठेवतो, किल्ली तुमच्याकडे. वस्तऱ्याची शपथ.

"तू काय मनाने वाईट आहेस का," मास्तर म्हणाले. "पण तुला सुचतं, हाच घोळ आहे."

तरी रात्रभरात काय झालं कोण जाणे, चौथ्या दिवशी सकाळी मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दोन दिवसांचे दाणे वाट्यांत मोजून ठेवले, वाट्यांवर शिलाईच्या खडूने आकडे घातले आणि पिशवी घेऊन थांब्यावर गेले. गाडी लागलेलीच होती. पायरीवर एक पाय ठेवला आणि समोरून सलूनवाला खुराड्याची किल्ली न्यायला आला. तो थेट गिऱ्हाईकावरून उठून आला होता. हसत त्याने हात पुढे केला. तो तळव्यापासून कोपरापर्यंत तेलाने चकाकत होता.

मास्तरांनी किल्लीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं.

कंडक्टर म्हणाला, "काका, चढताय की नुसता पाय शेकताय?"

"पुढच्या गाडीने येतो," मास्तर म्हणाले.

पुढची गाडी संध्याकाळी होती. तीही गेली. परत येताना सलूनवाला शेजारून चालत होता आणि वाटभर आपला हात पँटला पुसत होता. त्याला न बोलता चालताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बायको आली. तिच्या पिशवीत दुसरी पिशवी होती, जवसाची, तोंड दोऱ्याने शिवलेली. टाके लांब-आखूड पडले होते. अक्काचे टाके कधी असे नसत.

"पडल्या पडल्या निवडलंय त्यांनी," बायको म्हणाली. "ताट पोटावर ठेवून. खडा दिसत नाही म्हणून बोटाने चाचपून. मी म्हटलं द्या, मी निवडते, तर देईनात."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, त्याला सांग दिवसाला पाऊण मूठच, जास्त नको. पाखरांचं पोट बिघडेल."

"आणि?"

"आणि काय. तुम्ही गाडीत चढत होता हे त्यांना कळलंय. सलूनवाल्याने फोन केला होता, मास्तर निघाले म्हणून. संध्याकाळपर्यंत त्यांनी जेवण ठेवायला लावलं होतं." बायको घडी केलेले शर्ट उघडू लागली. या वेळी ती, मी काही म्हणत नाही, असं म्हणाली नाही.

मास्तरांनी पिशवीचे टाके उसवले. उसवलेला दोरा गुंडाळून मशीनच्या खणात टाकला.

आठवं पीस भरलं. नववं गळलं, त्याचा कोंब आला. जवसाने काम केलं. मानेवरची हिरवी-जांभळी झाक अशी उतरली की गिऱ्हाईकं माप द्यायच्या निमित्ताने गच्चीवर येऊन बघू लागली. पिसाच्या विणीत कधी चीर पडते, ती दोन बोटांत धरून ओढली की पुन्हा जुळून येते, शिवल्याची खूणही राहत नाही. कापडाला ही सोय नाही, असं मास्तर येणाऱ्याला दाखवून म्हणायचे. फोन दर आठवड्याला व्हायचा. अक्काचं बोलणं कमी होत गेलं. कितवं, एवढंच विचारायची. मग तेही भाचाच विचारू लागला, आई विचारतेय म्हणून.

दहावं गळलं त्या दिवशी मास्तरांनी पिशवी काढून झटकली आणि खुंटीला लावली. दहावं सगळ्यात लांब, सगळ्यात हळू वाढणारं. दोन बोटं झालं. चार बोटं झालं. बायको भिंतीवरच्या पिशवीकडे बघायची आणि बटणं लावायची. एकदा तिने विचारलं, "पीस किती राहिलं?" मास्तरांनी अंगठा आणि तर्जनीत अंतर दाखवलं. तिने ते अंतर नीट बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी."

रविवारी मास्तरांनी रेशम्याच्या पंखाच्या मुळाशी बोट दाबून पाहिलं. कोंब सुकला होता, रक्त मागे गेलं होतं. पीस पूर्ण. आता पाखरू चार दिवस उपाशी राहिलं असतं तरी त्यावर ओरखडा उठला नसता. मंगळवारच्या गाडीने जायचं ठरलं. सोमवारी सलूनवाल्याला बोलावून सगळं समजावलं. त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन दाखवले. मंगळवारी पहाटे, मास्तर दाढीला फेस लावत असताना, फोन आला.

ते आणि बायको त्याच गाडीने गेले. जायचं होतं त्याच.

सगळं उरकल्यावर भाच्याने मास्तरांना आतल्या खोलीत बसवलं. कॉट दाराकडे तोंड करून वळवलेली होती. उशाशी ताट होतं, ताटात मूठभर जवस, अर्धं निवडलेलं. निवडलेले दाणे एका बाजूला, न निवडलेले दुसऱ्या बाजूला, मध्ये बोटाने ओढलेली जागा.

भाचा रडत नव्हता, तो थकला होता. त्याने सांगितलं, आई रोज सकाळी विचारायची, आज किती झालं असेल. मी कामाच्या घाईत तोंडाला येईल ते सांगायचो. नऊ म्हणायचो, साडेनऊ म्हणायचो. शनिवारी तिला फार त्रास होत होता. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, दहावं भरलं.

"मग?" मास्तर म्हणाले.

"मग म्हणाली, कॉट वळव."

मास्तर ताटाकडे बघत राहिले.

"मला वाटलं, एक-दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, मामा. तुम्ही येणारच होता."

"चूक तुझी नाही," मास्तर म्हणाले.

एक लांबचे नातेवाईक जवळ येऊन बसले. काय बोलावं ते न सुचल्यामुळे त्यांनी विचारलं, कबुतरं काय म्हणतात? मास्तरांनी सांगितलं, बरी आहेत.

प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं. मास्तर जाणार नव्हते. सलूनवाल्याने पिंजरा धुतला, बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. अक्कांचं जवस वाया घालवू नका, म्हणाली. मग गेले, तिघंही.

तोच हॉल, तेच बाक, तेच परीक्षक, चष्मा आणखी जाड. त्यांनी रेशम्याला हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि बोट चोळून भुकटी पाहिली. मग खिडकीपाशी जाऊन पंख उघडला. एकेक पीस वेगळं करून उजेडात धरलं. सातवं. आठवं. नववं. दहाव्यावर बराच वेळ थांबले. दुसरा पंख उघडला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"तीस वर्षं हे काम करतोय," परीक्षक म्हणाले. "एक रेघ नाही. केसाएवढी नाही." त्यांनी पंख सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "मंडळी, हे दाण्यापाण्याचं काम नव्हे. याचा मालक पिसं येत होती तोवर एक दिवससुद्धा घर सोडून गेलेला नाही. काही झालं तरी गेलेला नाही. माणूस असा लागतो."

टाळ्या पडल्या. सलूनवाल्याने सगळ्यांच्या आधी सुरुवात केली होती. त्याच्या दोन टाळ्या वाजल्या, तिसरीला हात तसेच राहिले. मास्तरांनी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केला.

कप मोठा होता. मास्तरांनी तो परतीच्या वाटेवरच सलूनवाल्याला देऊन टाकला. तो नको नको म्हणाला, पण आता दुकानात आरशापुढे आहे. त्यात कंगवे असतात.

घरी आले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. मास्तर कपडे न बदलता गच्चीवर गेले आणि रेशम्याला बाहेर काढलं. एका हाताने पाखरू धरायचं आणि एका हाताने पंख उघडायचा, हे त्यांना कधीच नीट जमलं नव्हतं. रेशम्या धडपडू लागला. बायको मागून वर आली होती. तिने पुढे होऊन पाखरू दोन्ही हातांत घेतलं. ते निमूट बसलं.

मास्तरांनी पंख उन्हात पसरला. आठव्या पिसावर मुळापासून बोटांनी अंतर मोजलं, मग सातव्यावर आले, टोकाकडे सरकले. इथे कुठेतरी तो थांब्यावरचा दिवस असायला हवा होता. इथे दुसरी गाडी गेली ती संध्याकाळ. त्यांनी पीस डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, तिरपं धरलं. मग दहावं घेतलं.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"रेघ."

बायकोने पाखरू एका हातावर तोललं, पदराने डोळे टिपले आणि तीही वाकून बघू लागली. एकेक पीस बोटाने वेगळं करत, मुळापासून टोकापर्यंत, खडे चाचपावेत तसं, अगदी मनापासून. दोन्ही पंख बघून झाले.

"नाही हो," ती म्हणाली. "कुठेच नाही."